'नू दिल्ली' ऐकताना

अभंग-भावगीतांवर वाढलेल्या माणसाने रॉक आणि रॅपवर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण राजपुऱ्यातल्या आमच्या घरी भाचा 'नू दिल्ली' लावून बसला होता. आवाज कमी कर म्हणून सांगायला गेलो आणि तिथेच बसून राहिलो.

दिल्लीच्या 'ब्लडीवुड' या बँडचा हा दुसरा अल्बम, मार्च २०२५चा. पहिला 'रक्षक', २०२२चा. करण कटियार गिटार आणि बासरी वाजवतो, जयंत भाडुला गातो (गर्जतो म्हणणे अधिक खरे) आणि राउल केर इंग्रजीत रॅप करतो. पाश्चात्त्य संगीतात आपला ढोल घालणे नवे नाही, पण बहुधा तो फोडणीपुरता असतो. इथे गाण्याचा भार तोच वाहतो. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या बऱ्हाणपुरी कानाला हा गोंगाट फारसा परका वाटत नाही!

मला गुंतवले ते भाषेने. आमच्याकडे घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. एकाच वाक्यात तिन्ही आल्या की मी पोरांना टोकतो. या गाण्यांतही हिंदी, पंजाबी, इंग्रजी आहेत. 'बेखौफ'मध्ये 'बेबीमेटल'च्या मुलींमुळे जपानीही येते. पण ही खिचडी नव्हे. इंग्रजी रॅप मुद्दा मांडतो, ध्रुपदातली हिंदी हाक मारते. प्रत्येकीला तिचे काम नेमून दिलेले आहे. 'हट' या शब्दाचे इंग्रजी करून पाहावे. अर्थ येईल, हातवारा येणार नाही.

सगळेच जमले आहे असे नाही. 'रक्षक'मधला राग कुणावर आहे ते कळत होते. 'दाना-दान' हे गाणे स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध सरळ उभे राहिले होते. इथे आवेश बराचसा स्वतःच्याच जिद्दीविषयी आहे. 'तडका' हे खाण्यावरचे गाणे मजेदार खरे, पण परदेशी पाहुण्याला स्वयंपाकघर दाखवताना आपण जरा जास्तच हसतो, तसे ते हसते. ज्यांच्या घरी रोजच फोडणी होते, त्यांना त्यात काय नवे? आठच गाण्यांच्या अल्बममध्ये अशी एक जागाही महाग पडते.

हे सारे भाच्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, 'हट'ला मराठीत काय म्हणायचं?"

मी म्हणालो, "हाड!"

संध्याकाळपर्यंत तो तेवढा एकच शब्द ठेक्यात म्हणत होता.