रंग बदलला, पण यान बदलले का?

सांगलीला आमच्या एका शिक्षक स्नेह्यांच्या घरी माळ्यावरून ठोकळ्यांचा एक जुना डबा निघाला. परदेशातल्या नातलगाने ऐंशीच्या दशकात आणलेले ते लेगोचे अंतराळयान होते. निळे-राखाडी, पिवळ्या पारदर्शक काचांचे. घरातल्या आठवीतल्या मुलीने ते पुस्तिकेबरहुकूम जोडले, मोडले आणि इतर डब्यांतले तुकडे मिळवून तेच यान काळ्या-पिवळ्या रंगात उभे केले. आम्ही विचारले, "काळे का गं?" ती म्हणाली, "हे शत्रूचं आहे."

या उत्तरावर आम्ही बरेच दिवस विचार करीत आहोत. कारण हा नुसता एका मुलीचा खेळ नाही. जुनी याने नव्या रंगांत पुन्हा बांधण्याचा छंद जगभर, मोठ्या माणसांतही, पसरला आहे. लेगो या डॅनिश कंपनीने १९७८ साली अंतराळमालिका सुरू केली. तिचे मोठे यान १९७९ साली आले. १९८७ साली काळ्या-पिवळ्या यानांची आणि पांढऱ्या-निळ्या यानांची अशा दोन मालिका निघाल्या, १९९० साली लाल यानांची. १९७९ चे मोठे यान कंपनीने २०२२ साली १२५४ तुकड्यांत नव्याने बाजारात आणले. छंदी लोक आणखी पुढे जातात. एका मालिकेतले यान दुसरीच्या रंगांत बांधतात.

हा छंद शिक्षकांनी हसण्यावारी नेऊ नये, असे आम्हांस वाटते. त्यात दोन गुण आहेत. पहिला असा की, बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगाची पहिली शिस्त येथे खेळता खेळता पाळली जाते. दुसरा गुण अडचणीतून येतो. प्रत्येक आकाराचा ठोकळा प्रत्येक रंगात मिळत नाही. हवा तो उतरता ठोकळा काळ्या रंगात नसला, की दोन लहान तुकडे जोडून काम भागवावे लागते. मग सांधा कच्चा होतो, पंख लोंबतो, आतून आधार द्यावा लागतो. नक्कल येथे संपते आणि रचना सुरू होते. या छंदातला सर्वांत मोलाचा क्षण आम्ही हाच मानतो.

राखाडी रंगाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडीची छटा बदलून निळसर केली. त्यामुळे जुन्या यानात नवा तुकडा बसवला की ठिगळासारखा दिसतो. शिवाय जुने पांढरे व राखाडी ठोकळे प्रकाशाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने पिवळट पडतात. 'मूळ रंग' म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आता उणिवेकडे वळू. या छंदात रंग हा बहुतेक वेळा गणवेश असतो. पांढरे ते आपले, काळे ते शत्रूचे. खेळात हे चालेल, असे कोणी म्हणेल. पण आपल्या वर्गांत काळ्या रंगावरून मुलांना काय काय ऐकावे लागते, हे शिक्षकांना सांगायला नको. काळा म्हणजे वाईट, हा समज खेळण्यातूनही पक्का होत असेल, तर तेथे थांबून प्रश्न विचारणे आपले काम आहे. विज्ञानाचे उत्तर या समजापेक्षा कितीतरी रंजक आहे.

अमेरिकेच्या स्पेस शटलचे पोट काळे होते आणि पाठ पांढरी. वातावरणात परतताना खालचा भाग सर्वाधिक तापे. तेथल्या काळ्या लेपाच्या फरश्या सुमारे १२६० अंश सेल्सिअस तापमान सोसत आणि उष्णता प्रारणाने बाहेर टाकत. पाठीचा पांढरा रंग कक्षेत फिरताना ऊन परतवी. म्हणजे काळा रंग यानाचा राखणदार होता! त्याच शटलची मोठी इंधनटाकी १९८१ च्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवली होती. १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून रंग देणे बंद केले आणि सुमारे २७० किलो वजन वाचले. टाकीचा तो प्रसिद्ध नारिंगी रंग म्हणजे उघडा ठेवलेला उष्णतारोधक फेस होय. रंग न देणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या विक्रमचे सोनेरी आवरण मुलांनी चित्रांत पाहिले आहे. अशी आवरणे सोन्याची नसतात. पिवळसर प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यावर ॲल्युमिनियमचा थर असतो, म्हणून ती सोनेरी दिसतात.

लेगोचे संच महाग आहेत आणि आपल्या बहुतेक शाळांत ते नाहीत, हे आम्ही जाणतो. पण हाच खेळ साताऱ्या-सांगलीच्या अंगणांत दर दिवाळीला चालतो. गेल्या वर्षीचा प्रतापगड यंदा पुन्हा उभा राहतो, फक्त रंग नवा. कोणी गेरू फासतो, कोणी चुना, कोणी दुकानातला निळा. तेथेही आम्ही "हा रंग का?" एवढेच विचारू. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची तटबंदी बहुतांशी काळ्या बेसाल्टची आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर मात्र लाल जांभा पसरला आहे. ज्याने खाली काळा आणि माथ्यावर लाल रंग दिला, त्याने आपला डोंगर पाहिला आहे.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. पुठ्ठ्याची दोन सारखी याने करावीत, एक काळे, एक पांढरे. दोन्हींत एकेक तापमापी ठेवून अर्धा तास उन्हात ठेवावीत. नोंदी घेतल्यावर मुलांना सांगावे की, येथे हवा आहे, वारा उष्णता नेतो. अंतराळात हवा नाही, तेथे उष्णता बाहेर पडण्याची वाट एकच, प्रारणाची. आपल्या नोंदीतले काय तेथे लागू पडेल आणि काय नाही, याची चर्चा प्रयोगाइतकीच महत्त्वाची आहे.

हौसेने रंग निवडण्याला आमची हरकत नाही. 'छान दिसते म्हणून' हेही उत्तरच आहे. फक्त ते एकमेव उत्तर नसावे.

सांगलीच्या त्या मुलीने यान पुन्हा मोडले आहे. या वेळी पाठ पांढरी आणि पोट काळे करायचे तिने ठरवले आहे. नाकाखालचा उतरता ठोकळा काळ्या रंगात सापडत नाही, म्हणून काम सध्या अडले आहे.