खुर्द्याची गणती : अद्भुत युद्धखेळांतील स्वस्त पात्रे

लघुप्रतिमांच्या युद्धखेळाला घरगुती करमणुकीचे रूप दिले ते एच. जी. वेल्स यांच्या 1913 सालच्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने. 1971 मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'चेनमेल'च्या पुरवणीने त्यात जादूगार व राक्षस आणले, आणि 1983 मध्ये इंग्लंडातील गेम्स वर्कशॉप या संस्थेच्या 'वॉरहॅमर'ने या अद्भुत शाखेस मोठा प्रसार मिळवून दिला. अशा खेळांत प्रत्येक प्रतिमेस गुणांत किंमत लावलेली असते व उभय पक्ष सारख्याच गुणांची सेना मांडतात. किंमत आली म्हणजे 'स्वस्त' हा वर्ग निर्माण होतो. आणि स्वस्त म्हणजेच गमावण्याजोगे, हे समीकरणही त्यामागोमाग येते. हे समीकरण कितपत खरे आहे, हा येथे विचारार्ह प्रश्न होय.

प्रथम या डावपेचाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. 'वॉरहॅमर'ची 2010 ची आठवी आवृत्ती उदाहरणादाखल घेता येईल. तीत स्वस्त पात्रांचे तीन प्रमुख उपयोग दिसतात. पहिला, आमिषाचा. आवेशाने बेभान होणारी तुकडी स्वतःला आवरण्याच्या कसोटीस उतरली नाही, तर तिला समोरच्या शत्रूवर धावून जावेच लागते. तिच्यापुढे क्षुद्र तुकडी तिरकी उभी केली की बलाढ्य शत्रू भलत्याच दिशेस ओढला जातो. दुसरा, अडवणुकीचा. ज्या तुकडीच्या रांगा शत्रूपेक्षा अधिक, तिचे धैर्य हातघाईतील पराभवाच्या प्रमाणात घटवीत नाहीत. यास्तव स्केव्हन या मूषकवंशीयांचे प्रत्येकी दोन गुणांचे पन्नास गुलाम, म्हणजे अवघे शंभर गुण, कितीतरी पट महाग स्वारांना फेरीमागून फेरी खिळवून ठेवू शकतात. तिसरा, द्वंद्वाचा. शत्रूच्या महावीराने आव्हान दिले असता तुकडीतील साधा म्होरक्या ते स्वीकारतो व मरतो. तेवढ्यात त्या महावीराची फेरी सरते आणि बाकीचे सैनिक त्याच्या शस्त्रापासून बचावतात.

हे तिन्ही उपयोग बुद्धीचे आहेत, यात संशय नाही. परंतु खेळाडूंच्या परिभाषेत या पात्रांना जी नावे आहेत, त्यांकडे भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. आमिषाच्या तुकडीस इंग्रजीत 'चाफ', म्हणजे भुसा, म्हणतात; अडवणुकीच्या तुकडीस 'टारपिट', म्हणजे डांबराचा खड्डा; आणि या सर्वांना मिळून 'फॉडर', म्हणजे चारा. तिन्ही नावांचा अर्थ पदार्थाचा आहे. भुसा मोजीत नाहीत, मापतात. चारा किती आहे एवढेच विचारतात, कोणता आहे हे क्वचित. गुलाम एक, दोन, पन्नास असे गणता येतात. भुसा म्हणताच त्यांचे एकेकपण लोपते व केवळ राशी उरते. ही रूपके केवळ गमतीची नव्हेत. ज्याला गणनीय नाम लागू होते त्याला पदार्थवाचक नाम देण्याचे व्याकरणिक कार्य ती करतात.

खेळाचे नियमही हेच कार्य अन्य मार्गाने करतात. शेजारची स्वपक्षीय तुकडी नष्ट झाली तर जवळच्या तुकडीस भीतीची कसोटी द्यावी लागते, हा सर्वसाधारण नियम. सोबत्याच्या मरणाने सोबती हादरतो, हे त्यामागील गृहीत. पण ऑर्कांना गॉब्लिनांच्या नाशाने ही भीती वाटत नाही. ब्रेतोनियाच्या सरदारांना कुळवाड्यांच्या नाशाने वाटत नाही. स्केव्हनांच्या 2009 च्या ग्रंथात तर आपले गुलाम शत्रूशी झुंजत असता त्या घोळक्यावर आपल्याच पक्षाने मारा करावा, अशीही मुभा आहे. हे सारे अपवाद आहेत, ही गोष्ट महत्त्वाची. तुच्छता ही येथे स्वाभाविक मानलेली नाही; ती वेगळे कलम लिहून प्रस्थापित करावी लागली आहे.

मराठी वाचकास ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये. 1761 च्या पानिपतच्या पराभवाची वार्ता दक्षिणेत ज्या सांकेतिक निरोपाने आली असे परंपरा सांगते, त्यात थोर मृतांना मोती म्हटले आहे, त्यांच्या खालच्यांना मोहरा म्हटले आहे; मोती व मोहरा यांची संख्याही दिली आहे. बाकीचे सारे खुर्दा ठरले, आणि त्यांची गणतीच नाही. 'बाजारबुणगे' हा शब्दही असाच. फौजेमागून चालणाऱ्या बिनलढाऊ लोकांचे ते नाव आज कोणाही कुचकामी जमावास लावले जाते. ज्याला मोल कमी, त्याला संख्याही नाही, हा भाषेचा जुनाच व्यवहार आहे.

येथेच युद्धखेळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते. त्याची परिभाषा खुर्दा गणीत नाही, पण त्याचा हिशेब गणतो. गुलाम पुरते मारले गेले वा पळून मैदानाबाहेर गेले, तर त्यांचे शंभर गुण शत्रूच्या विजयात जमा होतात. रांगा टिकल्या की नाही हे एकेक प्रतिमा मोजूनच ठरते. शिवाय मांडणीच्या वेळी दोन्ही पक्ष आळीपाळीने तुकड्या ठेवतात. ज्याच्यापाशी स्वस्त तुकड्या अधिक, तो आपली मौल्यवान तुकडी शेवटपर्यंत हातात राखून प्रतिपक्षास आधी बेत उघड करावयास लावतो. अर्थात स्वस्त तुकडीचे काही कार्य तिच्या मरणाने नव्हे, तर नुसत्या असण्याने साधते. 'भुसा' या शब्दात याची नोंद नाही. म्हणूनच त्या शब्दावर विसंबणारा खेळाडू आपली क्षुद्र पथके विनाकारण खर्ची घालतो व अखेरीस हिशेबात हरतो.

या डावपेचास क्रूर म्हणून धिक्कारणे सोपे आहे. केवळ अंकगणित म्हणून समर्थणे त्याहून सोपे. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. पहिली लाकडी पटावरील प्रतिमांना रक्तमांसाची माणसे समजते; दुसरी शब्दांना निर्जीव समजते. या खेळापासून खरा बोध मिळतो तो निराळाच. बलिदान हा डाव असू शकतो, परंतु ज्याचे बलिदान द्यावयाचे त्याची गणती आधी झाली पाहिजे. ज्याची गणती नाही त्याचे बलिदान होत नाही. तो केवळ नाहीसा होतो.