एम.ए.च्या अभ्यासक्रमातील दुसरी भाषा

विद्यापीठात देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून झालेल्या खटपटीचा इतिहास मराठी वाचकास न्यायमूर्ती रानडे यांच्या नावाने परिचित आहे. त्या मानाने कलकत्ता विद्यापीठाने आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने १९१९ साली केलेल्या योजनेचा उल्लेख मराठीत क्वचितच होतो. तेथे भारतीय भाषांत एम.ए.ची परीक्षा सुरू झाली तेव्हा विद्यार्थ्याने एका प्रधान भाषेच्या जोडीला दुसरी एक भारतीय भाषाही अभ्यासावी, असे ठरले. ही अट वरवर पाहता केवळ तपशिलाची वाटेल. वस्तुतः स्वभाषेचे वाङ्मय केवळ स्वभाषेच्या आधारे पुरते उमगत नाही, अशी वाङ्मयविषयक भूमिकाच तिच्या मुळाशी होती.

पुढे भाषावार विभाग वाढले, आणि ही भूमिका मागे पडली. जादवपूर येथे १९५६ साली बुद्धदेव बसू यांनी तौलनिक साहित्याचा विभाग काढला (बोदलेअर आणि ‘मेघदूत’ बंगालीत आणणाऱ्या कवीच्या हातून हे व्हावे, यात नवल नाही). परंतु त्यामुळे तुलना हा एका स्वतंत्र विभागाचा विषय ठरला. मराठीचा विद्यार्थी मराठीतच राहिला.

ही उणीव भरून काढण्यासाठी अभ्यासक्रमात अनुवादित पुस्तके नेमली जातात. नेमणूक स्वागतार्हच, अध्यापनाची रीत मात्र विचित्र आहे. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्रांच्या कादंबरीवर ‘लेखकाची भाषाशैली’ असा प्रश्न विचारला, तर विद्यार्थी परीक्षण करणार वरेरकरांच्या वाक्याचे आणि श्रेय देणार शरच्चंद्रांना! अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर असते, उत्तरपत्रिकेत नसते. गिरीश कर्नाडांचे ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांच्या मराठीत वाचताना एका नाटककाराच्या कन्नड संवादाशी दुसऱ्या नाटककाराने काय केले, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. मूळ संहितेची दहा पानेही ज्याला अडखळत का होईना वाचता येत नाहीत, त्याला तो पडणारच नाही. अनुवाद हा दुसऱ्या भाषेच्या अज्ञानावरील उतारा नव्हे. थोडे ज्ञान असेल तरच तो डोळसपणे वाचता येतो.

असे ज्ञान दुर्मीळ आहे, असेही नाही. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, काव्य कन्नड. सोलापूरच्या महाविद्यालयात त्यांनी १९४४ ते १९५६ पर्यंत कन्नड शिकविले आणि मराठीतही ग्रंथलेखन केले. सोलापूरच्या अनेक घरांत आजही मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते. त्या घरातला विद्यार्थी मराठीच्या वर्गात शिरताना ती भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून येतो, कारण तेथे तिला गुण नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणि विद्याशाखा ओलांडून विषय घेण्याची मोकळीक पुढे आणली. तथापि भाषेच्या वाट्याला या रचनेत पत्रलेखन आणि संभाषण यांपुरते ‘कौशल्य’ येण्याचा धोका उघड आहे. कलकत्त्याच्या जुन्या अटीला येथे जागा करता येईल. पहिल्या वर्षी लिपी आणि वाचन, पुढे मूळ व अनुवाद यांचे शेजारी ठेवून केलेले वाचन, एवढ्याने आरंभ पुरे. अध्यापक कोठून आणावयाचे, ही अडचण खरी आहे; पण निदान सीमेलगतच्या गावांत त्यासाठी नवा विभाग उघडण्याची गरज नाही, शेजारच्या महाविद्यालयातील कन्नडच्या प्राध्यापकास आठवड्यातून दोन तास मराठीच्या वर्गावर बोलावता येईल.