महाबलीचा चेक

समीक्षक पुस्तक हातात घेतो तेव्हा म्हणे आधी लेखकाची जीवनदृष्टी पाहतो. आम्ही पडलो बँकेतले कारकून. आम्ही आधी तारीख, रक्कम आणि सही पाहतो. त्या रिवाजाप्रमाणे 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' या अमेरिकन मासिकाचा पहिला अंक तपासायला घेतला. तारीख : जून १९३८. पाने : ६४. किंमत : १० सेंट. सही : जेरी सीगेल आणि जो शुस्टर, दोघेही तेविशीतले, मुक्काम क्लीव्हलँड. (अंक अर्थातच फेरछपाईतला. मूळ प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला गेली. एवढी रक्कम आम्ही दुसऱ्यांच्या खात्यातसुद्धा पाहिलेली नाही.)

हा अंक म्हणजे एक मिसळ आहे. काउबॉय चक डॉसन, झटारा नावाचा जादूगार, खेळाडू पेप मॉर्गन, बातमीदार स्कूप स्कॅनलन, शिवाय चक्क मार्को पोलो! सगळे आपापल्या परीने धडपडतात, पण वाचून झाल्यावर लक्षात राहतात ती पहिली १३ पाने. त्यांत निळ्या पोशाखातला, लाल केप घातलेला एक गृहस्थ प्रथमच अवतरतो : सुपरमॅन.

हा सुपरमॅन आपल्या ओळखीचा नव्हे बरं का! त्याला उडता येत नाही. तो फक्त उडी मारतो, फर्लांगभर. त्याच्या मूळ ग्रहाला अजून नावही मिळालेले नाही. एवढी ताकद आली कुठून, या शंकेला लेखकांनी पहिल्याच पानावर उत्तर दिले आहे : मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट ओझे उचलते, टोळ लांब उडी घेतो, मग यानेच काय घोडे मारले? असा बिनतोड खुलासा आमच्या ऑडिटरलाही गप्प करील.

गोष्ट मात्र मधूनच सुरू होते. महाबली एका बांधलेल्या बाईला काखोटीला मारून राज्यपालांच्या घराकडे धावतो आहे. का, कशासाठी, ते मागाहून कळते : एका निरपराध स्त्रीला विजेच्या खुर्चीवर बसवणार आहेत आणि मिनिटे थोडी उरली आहेत. या धसमुसळेपणाचे कारण साधे आहे. दोघा मुलांनी ही चित्रे वर्तमानपत्रांसाठी काढली होती. ती कोणी घेईना, तेव्हा पट्ट्या कापून पानांवर चिकटवल्या. सांधे दिसतात. चित्रेही ओबडधोबड. पण वेग असा की बोट पानावर ठरत नाही.

आणि मला आवडला तो त्याचा शत्रुपक्ष. परग्रहावरचा राक्षस वगैरे भानगड नाही. बायकोला मारणारा नवरा, लुइस लेनला पळवून नेणारा गुंड, वॉशिंग्टनमधला सेनेटर आणि त्याच्याशी संधान बांधलेला दलाल. त्या दलालाला तर महाबली उचलून तारांवरून पळवत नेतो. ज्याने कुठल्याही कचेरीत एक कागद पुढे सरकावा म्हणून चार खेटे घातले आहेत, त्याला हे चित्र पाहून जे समाधान लाभते ते थोर साहित्यातही दुर्मिळच. त्यातून नायक उरलेल्या वेळात चष्मा लावून, मान खाली घालून नोकरी करतो आणि बाईमाणसाकडून भित्रा म्हणवून घेतो. हे कोणी हिणकस म्हणो, मला ते अस्सल वास्तववादी वाटले.

आता खरी समीक्षा, म्हणजे हिशेब. १३ पानांचे १३० डॉलर मिळाले, पानाला १०. त्या रकमेत महाबलीचे सगळे हक्कही गेले. मार्च १९३८ चा तो चेक इतर कामांचे पैसे धरून ४१२ डॉलरचा होता. त्यावर दोघांचीही नावे चुकीची लिहिली होती, म्हणून मागे दोन-दोन सह्या कराव्या लागल्या. वटलेला चेक म्हणजे आमच्या लेखी रद्दी. हा चेक मात्र २०१२ साली १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला.

पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. १९७५ साली शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि सीगेल कॅलिफोर्नियात चक्क कारकुनी करत होता. बराच बोभाटा झाल्यावर कंपनीने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर आणि गोष्टीवर नाव दिले. तोवर ३७ वर्षे गेली होती.

अंक जरूर वाचावा. पोरांनी आपल्याजवळ नव्हती ती सगळी ताकद या नायकाला दिली, म्हणूनच तो इतका जिवंत उतरला आहे. सेनेटरच्या दलालाला धडा शिकवण्याचे त्यांना सुचले, प्रकाशकाच्या कराराकडे पाहण्याचे सुचले नाही. त्या दिवशी त्यांच्याजवळ मोटार डोक्यावर उचलणारा महाबली होताच. नव्हता तो फक्त एखादा खडूस हेडक्लार्क, "थांबा रे पोरांनो, सहीआधी मागचं पान वाचा," असं म्हणणारा.