शेवटच्या अंतऱ्याचा प्रश्न : नव्या भीमगीतांची ध्वनिमुद्रणे ऐकताना

अशोक विजयादशमीच्या दिवसांत दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची दुकाने लागतात, आणि त्यांच्या शेजारीच गाण्यांचीही. एके काळी या दुकानांवर ध्वनिफितींच्या चळती रचलेल्या असत. पुढे तबकड्या आल्या. आता अंगठ्याएवढ्या पेन-ड्राइव्हमध्ये काही शे गाणी भरून मिळतात. अलीकडे अशाच एका दुकानावर आम्ही एक पेन-ड्राइव्ह घेतला. त्यात गाण्यांना क्रमांक होते, काही ठिकाणी गायकाचे नाव होते; कवीचे नाव मात्र एकाही गाण्यापुढे नव्हते. दुकानात त्या वेळी एक जुने गीत नव्या यांत्रिक ठेक्यावर वाजत होते. हे कोणाचे, असे आम्ही विचारले. विक्रेत्या तरुणाने यंत्राकडे पाहिले नाही. तो मनाशीच ते गीत गुणगुणू लागला, भराभर शेवटच्या अंतऱ्यापाशी पोहोचला आणि म्हणाला, ‘‘वामनदादाचं होय, सर.’’ त्या ध्वनिमुद्रणात मात्र तो अंतरा नव्हताच. गाणे त्याआधीच संपविले होते.

हा प्रसंग लहान आहे. परंतु नव्या भीमगीतांविषयी जी चर्चा हल्ली सुरू असते, तिचे मर्म आम्हांस त्यात सापडले. चर्चा होते ती वाद्यांची. ढोलकीच्या जागी संगणकाचा ठेका आला, शाहिरीच्या जागी रॅप आले, एकतारीशेजारी गिटार बसली. हे योग्य की अयोग्य? आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जात आहे. मिश्रण हा आपल्या गाण्याचा दोष नाही, तो त्याचा जन्मस्वभाव आहे. विचारावयाचे ते एवढेच की, या मिश्रणात शब्द ऐकू येतो काय, आणि ज्याचा शब्द आहे त्याचे नाव उरते काय?

या दोन्ही कसोट्या आम्ही नव्याने बनविलेल्या नाहीत. दीघ निकायातील एकविसाव्या सुत्तात, म्हणजे सक्कपञ्ह सुत्तात, पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन तथागतांच्या गुहेपाशी येतो आणि गातो. त्याचे गाणे शुद्ध धम्मगीत नाही. ते त्याच्या प्रेयसीला उद्देशून रचलेले प्रेमगीत असून त्यातच बुद्ध, धम्म आणि अर्हत यांचे उल्लेख गुंफलेले आहेत. आजच्या भाषेत त्यास मिश्र प्रकाराचे गीत म्हणावे लागेल. तथागत त्यास दोष देत नाहीत. तारेचा स्वर गाण्यास झाकत नाही आणि गाणे तारेच्या स्वरास झाकत नाही, या मेळाची ते प्रशंसा करतात. लगेच पुढचा प्रश्न विचारतात तो असा की, या गाथा तू केव्हा रचल्यास? एक कसोटी मेळाची, दुसरी उगमाची. पंचशिखही आडपडदा न ठेवता गाण्याचे स्थळ, काळ आणि कारण सांगतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात धम्म लांब आळवून गाण्याचे पाच दोष सांगितले आहेत. ते खरे आहे. गाणारा स्वतःच्या आवाजात गुंततो, ऐकणारेही आवाजातच गुंततात, पुढची पिढी त्याचेच अनुकरण करते, इत्यादी. पण तो निर्देश भिक्षूंच्या धम्मपठणाविषयी आहे, आणि त्याचा रोख संगीताच्या अस्तित्वावर नसून अर्थ हरविण्यावर आहे. म्हणजे तो आमच्या पहिल्या कसोटीस पुष्टीच देतो.

आता परंपरेकडे पाहू. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापिला; त्याच्या प्रसारासाठी जे जलसे उभे राहिले त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आशय पालटला. गण ठेवला, पण त्यात गणपतीऐवजी जनगणाचा अर्थ भरला. पुढे भीमराव कर्डक आदी शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. नंतरच्या काळात कव्वालीचा बाज आला, सवाल-जवाबाचे मुकाबले आले, चित्रपटांच्या चाली आल्या, आणि ध्वनिफितींच्या युगात प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज गावोगावी पोहोचला. विठ्ठल उमप यांच्या गळ्यात पोवाडा, कव्वाली, कोळीगीत आणि भीमगीत एकत्र नांदत होते. नोव्हेंबर २०१० मध्ये ते आपल्याच नागपुरात, दीक्षाभूमीवरील कार्यक्रमाच्या व्यासपीठावर कोसळले आणि गेले. अशा गायकास ‘शुद्ध’ प्रकार कोणता, असे विचारण्याचे धाडस कोणी केले नसते.

या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट टिकली : शेवटच्या अंतऱ्यातील नाममुद्रा. संतांच्या अभंगांपासून शाहिरांच्या कवनांपर्यंत कवी आपले नाव अखेरीस गुंफीत आला. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ मध्ये जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी तरुणपणी अक्षरओळख करून घेतली आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत गावोगाव फिरून गाणी दिली. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘हे गीत वामनाचे’ असे आहे. ज्याच्यापाशी ना छापखाना, ना करारपत्र, ना मानधनाची हमी, त्याच्यासाठी ही नाममुद्रा हाच मालकीहक्काचा दस्तऐवज होता. गाणे कोणीही गावे, कोणत्याही चालीत गावे. शेवटपर्यंत गायले की कवी उभा राहतो. गाणे तीन मिनिटांत बसविण्यासाठी, किंवा भ्रमणध्वनीवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरविण्यासाठी जेव्हा शेवट छाटला जातो, तेव्हा केवळ एक कडवे जात नाही, कवीच जातो.

या दृष्टीने काही नवी ध्वनिमुद्रणे पाहू. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचे गाणे लोकांपर्यंत पोहोचले ते कोणत्याही कंपनीमार्फत नव्हे. एकतारीवर गाणाऱ्या या बाईंची साधी चित्रणे भ्रमणध्वनीवरून हातोहात गेली. एक तार आणि एक खडा आवाज, इतकेच. पंचशिखाच्या मेळाची कसोटी येथे सहज उतरते, कारण झाकणारे काही नाहीच. पुढे याच गाण्यांमागे कीबोर्ड आणि ढोलांचा ताफा उभा करणारी रूपे निघाली. ती ऐकताना आवाज तोच, पण शब्द गर्दीत उभ्या असलेल्या माणसासारखा वाटतो. दिसतो, पण बोलणे ऐकू येत नाही.

याउलट मुंबईच्या ‘स्वदेसी’ या समूहाचे ‘द वारली रिव्होल्ट’ हे ध्वनिमुद्रण. आरे वसाहतीतील वृक्षतोडीचा वाद पेटला त्या सुमाराचे हे गाणे. त्यात तेथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा गाता आवाज आणि तरुणांचे रॅप एकमेकांस उत्तर देतात. ठेका आधुनिक आहे, परंतु भोईरांचे गाणे आरंभी शोभेला लावून नंतर बाजूस सारलेले नाही, आणि त्यांचे नाव गाण्याच्या शीर्षकाशेजारी आहे. लोकगायक येथे ‘नमुना’ नाही, सहकारी आहे. याच समूहाशी जोडलेला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, जो ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने ओळखला जातो, वऱ्हाडी बोली रॅपमध्ये आणतो. ती ऐकताना आम्हांस जाणवले की, गाण्यातच आपले नाव उच्चारण्याची रॅपची रीत आपल्या शाहिरास परकी वाटली नसती. जे नवे म्हणून आपण बिचकतो, ते आपल्याच नाममुद्रेचे दूरचे भावंड आहे.

महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण बौद्ध वाचकांस विशेष जवळचे वाटेल. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदाने आपला पहिला मोठा कार्यक्रम केला. चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. त्यांनी ‘जातिविहीन’ हे नाव घेतले ते पंडित अयोथी दास यांच्या विचारातून. त्याच अयोथी दासांनी १८९८ मध्ये मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापिला होता. नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वी अठ्ठावन्न वर्षे लावलेल्या त्या रोपट्याचे नाव आज एका गानसमूहाच्या कपाळावर आहे. हे गायक चेन्नईच्या वस्त्यांतील ‘गाना’ हा लोकप्रकार रॅप आणि रॉकशी जोडतात. जातीने ज्यांवर सक्तीने लादली आणि मग त्याच कारणाने हीन ठरविली, ती वाद्ये ते टाकून देत नाहीत. मान ताठ ठेवून वाजवितात. आपल्याकडे अनेकांनी अशी सक्तीची कामे सोडण्यात मुक्ती पाहिली, आणि ती योग्यच होती. सक्ती सोडली म्हणजे वाद्यही सोडलेच पाहिजे काय, हा प्रश्न मात्र चेन्नईच्या तरुणांनी आपणांपुढे ठेवला आहे.

याच वर्तुळातील अरिवु या कवि-गायकाचे, गायिका धी हिच्यासह गायलेले ‘एन्जॉय एन्जामी’ हे गीत २०२१ मध्ये जगभर गाजले. श्रीलंकेच्या चहामळ्यांतील मजुरीची आणि भूमिहीनतेची कौटुंबिक स्मृती त्यात आहे. गीत गाजले, आणि पाठोपाठ श्रेयाचा वाद उभा राहिला. एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर अरिवुचे चित्र नव्हते. पुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची यावर संबंधितांनी जाहीरपणे परस्परविरोधी निवेदने केली. निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु ज्या गाण्याचा विषयच हिरावलेली जमीन आहे, त्याच गाण्यात नावावरून भांडण व्हावे, यातून एवढे उघड होते की, नाममुद्रेचा प्रश्न केवळ जुन्या पिढीचा नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्युबॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. म्हणून त्यांच्या जॅझकडेही या प्रश्नासाठी पाहावे. मॅक्स रोच यांच्या १९६० मधील ‘वी इन्सिस्ट!’ या ध्वनिमुद्रणात ॲबी लिंकन एका भागात शब्द टाकून केवळ किंचाळतात. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १९६३ साली झालेल्या स्फोटात चार मुली ठार झाल्या. त्यानंतर जॉन कोल्ट्रेन यांनी ‘अलाबामा’ वाजविले, त्यात तर एकही शब्द नाही. तेव्हा शब्दाशिवाय साक्ष देता येत नाही, असे आमचे म्हणणे नाही. वाद्याने स्वतः साक्षीदार होणे वेगळे आणि दुसऱ्याच्या साक्षीवर आवाज चढविणे वेगळे. जॅझची दुसरी शिकवण अशी की, वादक मूळ चाल आरंभी मांडतो, मग मनसोक्त विस्तार करतो, आणि अखेरीस बहुधा त्या चालीकडे परत येतो. स्वातंत्र्य भरपूर, पण उगमाचे विस्मरण नाही. आमच्या पुनर्मिश्रण करणाऱ्या तरुणांनी एवढी एक रीत जरी घेतली तरी पुष्कळ होईल.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीतील डीजेविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. त्यात नाचणाऱ्या तरुणांचा आनंद आम्ही हलका मानीत नाही. ज्या समाजास रस्त्यातून मान वर करून चालण्याची बंदी होती, त्याने त्याच रस्त्यावर नाचणे हाही इतिहास आहे. पण छातीत धडधडणाऱ्या त्या ठेक्याखाली शब्द पार बुडतो, आणि मग भीमगीत आणि अन्य कोणतेही गीत यांत भेद उरत नाही. अंगुत्तर निकायाने दिलेला इशारा येथे लागू पडतो : आवाजात गुंतलेली पिढी पुढच्या पिढीस आवाजच देईल.

शब्दावर आमचा एवढा भर का, याचे एक उत्तर आपल्या घरातल्या गाण्यातच आहे. नागपूरचे वीरा साथीदार यांनी २०१४ च्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटात एका लोकशाहिराची भूमिका केली. गाणी संभाजी भगत यांची. त्या कथेत शाहिरावर खटला चालतो तो त्याच्या गाण्यातील शब्दांवरून. ठेक्यावर कोणी खटला भरीत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये साथीदार गेले. पण त्यांनी उभा केलेला तो शाहीर आपणांस अजून सांगतो आहे की, सत्ता ज्यास भिते ते नेमके काय आहे.

थेरीगाथेने त्र्याहत्तर थेरींच्या नावे त्यांची कवने जपली. त्यांतील कित्येक स्त्रियांचे आयुष्य आपणांस त्या नावापलीकडे फारसे ठाऊक नाही. तरी नाव आहे म्हणून त्या आपल्याशी बोलतात. ज्या धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दासींची आणि गणिकांची नावे सांभाळली, त्याच्या अनुयायांनी काल-परवाच्या कवीचे नाव हरवू देणे शोभत नाही.

म्हणून आमची विनंती साधी आहे. गायकांनी गीत कोणत्याही साजात गावे, पण शेवटच्या अंतऱ्यासह गावे. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी कवी, चालकर्ता आणि वादक यांची नावे द्यावीत. विहारांच्या वाचनालयांनी आपापल्या वस्तीतील वृद्ध उपासक-उपासिकांकडून जुनी गीते पूर्ण म्हणवून घ्यावीत व नोंदवून ठेवावीत. कारण त्या दुकानातील तरुणाने जे उत्तर दिले ते पेन-ड्राइव्हमधून दिले नव्हते. घरी कोणीतरी ते गीत त्याच्या कानी शेवटपर्यंत गायले होते, म्हणून त्यास ते देता आले. येत्या विजयादशमीस त्याच्या दुकानावर उभ्या राहणाऱ्या मुलासही ते देता यावे.