फुटलेला चषक : लेनर्ड बर्नस्टाईन यांचा ‘मास’

पवित्र ख्रिस्तयाग रंगमंचावर आणावा काय? आणि आणलाच, तर त्यातील धर्मगुरूने हातातला चषक जमिनीवर आदळावा काय? ८ सप्टेंबर १९७१ रोजी वॉशिंग्टन येथील केनेडी सेंटरच्या उद्घाटनास लेनर्ड बर्नस्टाईन यांची ‘मास’ ही संगीतनाट्यकृती सादर झाली, तेव्हापासून हा वाद चालू आहे. जॅकलीन केनेडी यांच्या विनंतीवरून ती रचली गेली होती. पुढच्याच वर्षी सिनसिनाटीच्या आर्चबिशपांनी आपल्या भाविकांना तिच्यापासून दूर राहण्यास सांगितले. सेमिनरीत असताना आम्हीही ती ध्वनिफितीवर ऐकली, आणि चषक फुटताच यंत्र बंद केले. अनेक वर्षांच्या धर्मग्रामसेवेनंतर तो निवाडा पुन्हा तपासणे आम्हास अगत्याचे वाटते.

बर्नस्टाईन यांचा जन्म २५ ऑगस्ट १९१८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे, रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. मुलाने संगीतावर पोट भरावे, हे व्यापारी वडिलांना रुचत नव्हते. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि पंचवीस वर्षांच्या या साहाय्यकाने आयत्या वेळी, तालमीविना, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालन केले. नभोवाणीमुळे त्यांचे नाव देशभर झाले. १९५८ ते १९६९ या काळात ते त्याच वाद्यवृंदाचे संगीत दिग्दर्शक होते. ‘वेस्ट साइड स्टोरी’ने (१९५७) त्यांना लोकप्रियता दिली, आणि ते उथळ आहेत असा आक्षेपही चिकटला.

परंतु या झगमगाटाखाली एक सलग धारा वाहते. पहिली सिम्फनी यिर्मया संदेष्ट्याच्या नावाची. तिसरी, ‘कॅडिश’ (१९६३), जॉन केनेडी यांच्या स्मृतीस अर्पिलेली. तीत माणूस देवाला सरळ जाब विचारतो. अब्राहाम, ईयोब व यिर्मया यांनीही देवाशी वाद घातला, आणि त्यांचा वाद ही प्रार्थनाच होती. ही ज्यू परंपरा ध्यानी घेतल्यावाचून ‘मास’ उमगत नाही. तिच्यातील ‘पवित्र, पवित्र’ हे स्तवन लॅटिनमधून हिब्रूत शिरते, ते उगाच नव्हे.

कृतीची रचना विचारपूर्वक केलेली आहे. मध्ययुगात उपासनेच्या मजकुरात नवी पदे गुंफीत. तीच रीत बर्नस्टाईन यांनी उचलली. लॅटिन प्रार्थनांमध्ये रस्त्यावरची माणसे रॉक व ब्लूजच्या चालींवर आपल्या शंका गातात. मागे व्हिएतनामचे युद्ध आहे. गिटार घेऊन साध्या वेशात आलेल्या धर्मगुरूच्या अंगावर प्रसंगागणिक भारी वस्त्रे चढत जातात. शेवटी शांतीची याचना जमावाची मागणी बनते, मागणीचा गोंगाट होतो, आणि त्या ओझ्याखाली माणूस मोडतो. चषक फुटतो तो येथे. तरुणपणी आम्हाला ही विटंबना वाटली. आज तीत आम्हाला आमच्या व्यवसायबंधूंची ओळखीची थकावट दिसते. जो सर्वांना शांती देतो, त्याला ती कोण देणार?

आमचा आक्षेप आता निराळाच आहे. या प्रसंगाला बर्नस्टाईन यांनी ख्रिस्तयागातील भाकर मोडण्याच्या विधीचेच नाव दिले आहे. तो विधी तर प्रत्येक मिस्सात होतो. फरक इतकाच की, आपल्या वेदीवर जे मोडले जाते ते वाटले जाते. येथे मोडलेले मोडलेलेच राहते. मग एक मुलगा गातो, आलिंगन एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि शांती परतते. हा शेवट सुरेल आहे, पण घाईचा आहे. एवढ्या आकांतानंतरची शांती इतकी स्वस्त नसते. बर्नस्टाईन व स्टीफन श्वार्ट्झ यांचे शब्दही काही ठिकाणी संगीताच्या उंचीला पोहोचत नाहीत.

तरीही ही कृती बाजूला सारता येत नाही. २००० साली ती व्हॅटिकनमध्ये सादर झाली. ते पाहण्यास बर्नस्टाईन नव्हते. १४ ऑक्टोबर १९९० रोजी न्यूयॉर्क येथे ते निवर्तले होते. आमच्या बाकांवरही शंका बसलेली असते, पण ती गात नाही. पुष्कळदा ती मुकाट्याने मागच्या दाराने निघून जाते. बर्नस्टाईन यांनी तिला वेदीपुढे आणून कंठ दिला. ती ऐकून घेण्याचे धैर्य आम्हा धर्मगुरूंपाशी असावे. यंत्र बंद करणे सोपे असते.