उंदराची शुश्रूषा हाही प्रयोगाचाच भाग

पक्षाघातावरील औषधे प्रथम उंदरांवर तपासली जातात. उंदराला भूल द्यायची, मानेतील धमनीतून एक बारीक तंतू वर सरकवायचा आणि मेंदूच्या मधल्या धमनीचा रक्तप्रवाह रोखायचा, ही त्यातील रूढ पद्धत. शुद्धीवर आल्यावर उंदराची एक बाजू दुबळी होते, खाणेपिणे अवघड जाते, वजन घटते. अशा प्राण्यांची काळजी कशी घ्यावी हे सांगणारी 'इम्प्रूव्ह' ही मार्गदर्शक तत्त्वे ब्रिटनमधील तज्ज्ञगटाने २०१७ साली प्रसिद्ध केली.

भिजवलेले मऊ खाद्य पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, ऊब द्या, वेदनाशामक द्या, वजनावर लक्ष ठेवा, त्रास कोणत्या मर्यादेपुढे जाऊ द्यायचा नाही हे आधीच ठरवा, असा हा सल्ला आहे. ही केवळ भूतदया नव्हे. एमके-८०१ हे औषध मेंदूचा बचाव करते असे एकेकाळी वाटत होते. ब्यूकन आणि पल्सिनेली यांनी १९९० साली जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात दाखवले, की औषधामुळे शरीर थंड पडत होते आणि बचाव त्या थंडाव्याने होत होता. तापमान नेहमीइतके राखताच औषधाचा लाभ दिसेनासा झाला. प्राण्याची ऊब सांभाळणे आणि निष्कर्ष सांभाळणे ही दोन कामे नाहीत.

वेदनाशामकांनी निष्कर्ष बिघडतात, असा आक्षेप घेतला जातो. काही वेदनाशामके दाहही कमी करतात, म्हणून त्यात तथ्य आहे. पण वेदनेनेही रक्तदाब आणि ताण वाढतो. तेव्हा वेदना तशीच ठेवणे म्हणजे प्रयोग शुद्ध ठेवणे नव्हे. योग्य औषध निवडून दोन्ही गटांना सारखे देणे हाच मार्ग उरतो.

तरीही एक उणीव जाणवते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली तीन गोष्टी सांगितल्या होत्या : शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. 'इम्प्रूव्ह'चा भर मुख्यतः तिसरीवर आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पक्षाघातावर प्रयोगशाळेत तपासलेले १,०२६ उपचार मोजले गेले. त्यांपैकी माणसांवर आजमावले गेले ११४, आणि त्यांतीलही बहुतेक निष्फळ ठरले. गट पाडताना चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, किंवा कोणाला औषध दिले हे मोजणाऱ्याला ठाऊक असले, तर उत्तम शुश्रूषा झालेला उंदीरही फुकटच मरतो. शिवाय सल्ला हा सल्लाच. तो पाळण्याची सक्ती नाही.

'उंदरांवर औषध यशस्वी' अशी बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांना विचारायला लावावे : तापमान राखले होते का? किती प्राणी मेले, आणि त्यांची नोंद ठेवली का? उत्तर नसेल, तर त्या यशावर विश्वास ठेवण्याची घाई करू नये.